जुन्या गेमची उडी आधी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मारिओ, सोनिकसारखे एका पात्रावर उभे असलेले जुने उड्यांचे गेम नव्या रूपात येत असल्याबद्दल आपल्या पुरवणीतला मजकूर वाचला. चित्रे किती खुलली यावर त्यात भरपूर होते, पात्र उडी कशी मारते याबद्दल अवाक्षर नव्हते. आपल्याकडे तालुक्याच्या गावांतली कॉलेजची पोरेही आता लॅपटॉपवर असले गेम बनवायला बसतात आणि तीही चित्रांपासूनच सुरुवात करतात. म्हणून हे पत्र.

क्रॅश बँडिकूट या जुन्या उड्यांच्या गेमचे पहिले तीन भाग २०१७ मध्ये नव्याने आले. देखणे होते, पण जुने खेळाडू कडेवरून पडू लागले. क्रॅशभोवतीचा न दिसणारा टकरीचा आकार औषधाच्या गोळीसारखा, खाली गोलसर ठेवला होता. त्यामुळे पाय कडेला टेकला की तो घसरे. उडीला मूळपेक्षा जास्त अचूकपणा लागतो, हे बनवणाऱ्यांनीच कबूल केले. त्याच वर्षीच्या ‘सोनिक मॅनिया’चे उलटे झाले. तो बनवणारे ख्रिश्चन व्हाइटहेड आणि त्याचे सोबती मुळात सोनिकचे चाहते. उतारावर वेग कसा चढतो आणि उडीत तो कसा टिकतो, हे त्यांनी जुन्यासारखेच ठेवले आणि पडदा तेवढा रुंद केला.

जुन्या उडीचे मोजमाप घ्यायला मूळ गेमचे चित्रण सेकंदाला ६० फ्रेमने करा. चित्रण ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम दाखवणाऱ्या, यंत्रावरचे नाही ना, हे आधी पाहा; युरोपात सोनिकचा पहिला भाग ५० हर्ट्झवर सुमारे १७ टक्के मंद चालायचा. मग एकेक फ्रेम सरकवत तीन आकडे काढा: उडीची उंची, शिखराला पोचायला लागलेला वेळ आणि धावण्याचा वेग. समजा उंची ६४ पिक्सेल, म्हणजे टप्प्याच्या नकाशातल्या १६ पिक्सेलच्या चार चौकटी, आणि वेळ २४ फ्रेम, म्हणजे ०.४ सेकंद. दुप्पट उंचीला वेळेच्या वर्गाने भागले की गुरुत्व ८०० येते; नुसत्या वेळेने भागले की सुरुवातीचा वेग सेकंदाला ३२० पिक्सेल. इथे हमखास फसगत होते. कागदावर ६४ आले तरी पडद्यावर उडी ६१ च भरते आणि चार चौकटींचा ओटा चढताच येत नाही. कारण प्रोग्राममध्ये आपण लिहितो त्या सूचनांत दर फ्रेमला आधी वेग घटतो आणि मग पात्र हलते. अर्ध्या फ्रेमचे गुरुत्व, म्हणजे सुमारे ६.७, सुरुवातीलाच मिळवून वेग ३२६.७ ठेवला की हिशेब जुळतो. बरोबर चार चौकटींचा ओटा ठेवायचाच असेल तर उंचीत आणखी दोन-तीन पिक्सेल सैल सोडा.

खाली येताना गुरुत्व दीडपट, १२०० करा. नाहीतर पात्र हवेत रेंगाळते. पडण्याच्या वेगाला ४०० च्या आसपास लगाम हवा, नाहीतर लांबून पडणारे पात्र एका फ्रेममध्ये पातळ फळी ओलांडून आरपार जाते. बटण लवकर सोडले तर वर जायचा वेग निम्मा करावा, पण एकदाच. दर फ्रेमला निम्मा होत गेला तर पात्र वर डोके आपटल्यासारखे थबकते.

धावण्याचा वेग १२० धरला तर ही उडी सपाटीवर सुमारे ८७ पिक्सेल जाते, साडेपाच चौकटींना थोडी कमी. चार चौकटींचा खड्डा नवख्यालाही जमेल, पाचचा जरा नेम धरून. सहाचा खड्डा पात्राची रुंदी आणि पुढे सांगितलेली सवलत धरून कधी पार होतो, कधी नाही. असला खड्डा ठेवूच नये. खेळणारा स्वतःला नाही, गेमला शिव्या देतो, आणि बरोबरच देतो.

आजच्या खेळाडूसाठी बदलायचे ते इथे. कड सुटल्यावर ०.१ सेकंदापर्यंत उडी मान्य करायची. गेमवाले याला कोयोटी टाइम म्हणतात. ‘सेलेस्टे’ या उड्यांच्या गेममध्ये ही मुदत एवढीच आहे. जमिनीला टेकण्याआधी ०.१ सेकंदात बटण दाबले तर तेही लक्षात ठेवायचे. दोन्हींसाठी वेगळी उलटी मोजणी लागते आणि उडी लागताच दोन्ही शून्य करावी लागतात, नाहीतर हवेतच फुकटची दुसरी उडी मिळते. टकरीची चौकट तळाला सपाट आणि चित्रापेक्षा दोन्ही बाजूंनी ३ पिक्सेल अरुंद ठेवा. शत्रूची चौकट चित्राहून लहान, नाण्याची मोठी. वाढीव जीव वगैरे नंतर पाहता येईल.

गोडो हे गेम बनवायचे इंजिन फुकट आहे. नवा प्रकल्प उघडताना ‘कम्पॅटिबिलिटी’ पर्याय निवडा. ‘फॉरवर्ड प्लस’ला वल्कनसारखी नवी ग्राफिक्स प्रणाली लागते आणि जुन्या लॅपटॉपवर ती बहुधा चालत नाही. हालचाल फिजिक्सच्या सेकंदाला ठरावीक ६० टिकांमध्येच (ठोक्यांमध्येच) लिहा, म्हणजे मंद यंत्रावर उडीचा आकार बदलत नाही. पडदा ३२० बाय १८० पिक्सेलचा घ्या. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर तो चौपट होतो आणि कडेला काळी पट्टी राहते. ती राहू द्या. पट्टी घालवायला ४.२७ पट ताणले की काही पिक्सेल जाड, काही बारीक होतात आणि पात्र चालताना थरथरते. जुन्या मारिओसारखे टप्पे २५६ पिक्सेल रुंदीला बेतलेले असल्याने रुंद पडद्यावर शत्रू डोळ्यांदेखत उगवतात; त्यांची जागा कडेच्या ३२ पिक्सेल बाहेर सरकवा.

आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. प्रत्येक थांब्यावर खेळाची आपोआप नोंद (सेव्ह) व्हावी, पण जुन्या फाइलवर थेट लिहू नये. नव्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच नाव बदलावे आणि मागची एक प्रत ठेवावी. अर्धवट लिहिलेली फाइल म्हणजे गेम पुन्हा पहिल्यापासून.

मारिओलाच धोतर नेसवून गेम बाहेर काढायच्या फंदात कुणी पडू नये. ‘एएम२आर’ हा निन्टेन्डो या मारिओवाल्या कंपनीच्याच मेट्रॉइड गेमचा चाहत्यांनी बनवलेला नवा अवतार ऑगस्ट २०१६ मध्ये आला आणि निन्टेन्डोच्या नोटिशीने काही दिवसांतच उतरला. कित्येक वर्षांची मेहनत होती. उडीची साधी पद्धत कुणाच्या मालकीची नसते. चित्र, नाव, संगीत आणि टप्प्यांचे नकाशे असतात. पात्र म्हणून मुंगूस घ्या, शेताच्या धुऱ्यावरून धुऱ्यावर उड्या, उभी बैलबंडी, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळी, विहिरीची मोट, सगळे घ्या. फक्त काळ्या मातीवर करडा मुंगूस दिसत नाही. त्याला फिकट कड द्या, गळ्यात पळसाच्या रंगाचा दुपट्टा घाला आणि पडद्याचे चित्र कृष्णधवल करून तो उठून दिसतो का ते तपासा. पोरे गेम मोबाइलवर, भर उन्हात खेळणार आहेत.

पुरवणीला एक विनंती. अशा गेमची ओळख छापताना तो किती रॅमवर चालतो, नेट नसताना उघडतो का, कंट्रोलर जोडता येतो का आणि बोटाच्या बटणांची जागा बदलता येते का, एवढे चार मुद्दे जरूर द्यावेत.

आपले,
गेम बनवणारे काही वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ