सागाच्या तुकड्यांसाठी सुतारभाऊंचे आभार

भाऊ, सप्रेम नमस्कार.

यंदा दिवाळीला आमच्या खेळगटातल्या प्रत्येकाच्या हाती त्याच्या नावाचा, फासे टाकायचा सागवानी ट्रे पडला, तो तुमच्यामुळे. पत्र सगळ्यांसाठी उघडं ठेवतोय. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे, एकेक पात्र घेऊन फासे टाकत मिळून गोष्ट रंगवायचे खेळ आता खेड्यापाड्यातही जमतात, आणि तुम्ही दाखवलेलं काम त्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदीबैल घडवून उरलेले तुकडे तुम्ही चुलीत जाऊ दिले नाहीत. पोळ्याच्या अमावस्येपासून दिवाळी तोंडावर येईपर्यंत, जवळजवळ दोन महिने, ते सावलीत, मधे काड्या घालून रचून ठेवलेत. पावसाळ्यातलं दमट लाकूड कापताना सरळच दिसतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकला की ते आकसतं आणि सांधे उघडतात. तळाला सागाची फळी नको, ४ मिलिमीटरचं प्लायवूड घ्या, हा तुमचा आग्रहही त्यासाठीच होता. अखंड फळी ऋतूप्रमाणे रुंदीत कमी-जास्त होते, ती चारही बाजूंनी चिकटवली तर चिरते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून ते जागचं फारसं हलत नाही.

ट्रेच्या पट्ट्या चार, प्रत्येकी २५ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर उंच, १२ मिलिमीटर जाड. भिंत याहून बुटकी ठेवली तर वीस बाजूंचा फासा उडून बाहेर जातो, आणि उंच केली तर समोरच्याला आकडा दिसत नाही. कोपरे ४५ अंशांचे. चार कोपऱ्यांचे आठ काप. प्रत्येकात अर्धा अंश चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उरते. लांबीही चुकू नये म्हणून करवतीला ठोकळा बांधून समोरासमोरच्या पट्ट्या एकाच मापाच्या काढायच्या. कापलेलं टोक फेविकॉल पिऊन टाकतं, तेव्हा आधी पातळ हात द्यायचा, दहा मिनिटांनी दुसरा, मग चौकट जोडायची. शिकंजा (क्लॅम्प) नसला तरी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या की चारही कोपरे सारखे आवळले जातात. ही युक्ती तर सोन्यासारखी आहे.

फेल्ट, म्हणजे तळाला चिकटवायचं जाड मऊ कापड, सगळ्यात शेवटी. आतल्या मापापेक्षा १ मिलिमीटर जास्त कापलं की कडेला फट राहत नाही. गोंद प्लायला लावायचा, फेल्टला नाही, नाहीतर तो झिरपून वर येतो आणि कापड पापडासारखं कडक होतं. रंग खेळाडूच्या फाशांच्या उलट निवडावा: काळ्या फाशांना फिकट, पांढऱ्यांना गडद. नजर कमी असलेल्यांना याचा फार उपयोग होतो.

नाव भाजण्याचं काम सगळ्यात नाजूक. तारा जोडायचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न चालतं, पण टोक नवं हवं, शिसं लागलेलं नको. लाकूड २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून कार्बन पेपरने अक्षरं उतरवायची. शिरोरेषा लाकडाच्या रेषांच्या दिशेने जात असल्याने टोक मऊ रेषेत घसरतं आणि ओळ वाकडी होते. आधी पट्टी धरून चाकूने बारीक चीर पाडा, मग त्या चिरेतून टोक चालवा, हा तुमचा उपाय अचूक निघाला. अक्षर एक सेंटिमीटरपेक्षा लहान केलं की ‘ठ’ आणि ‘ष’ची पोटं भरून जातात. तेल नंतरच लावायचं. तेलावर भाजलं तर धूर होतो आणि कडा पसरतात.

तेल जवसाचं, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं उकळलेलं. घाण्याचं कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं. पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि पुसलेली चिंधी! जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळा करून टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. घरात कापूस भरलेला असण्याच्या दिवसांत हे तुम्ही बजावून सांगितलंत, त्याबद्दल वेगळे आभार. चिंधी पाण्यात बुडवायची किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवायची.

अगदी बारीक तुकड्यांच्या २५ मिलिमीटरच्या चकत्या झाल्या. खेळाच्या नकाशावर एक चौकोन एक इंचाचा असतो, त्यात त्या नेमक्या बसतात. प्रत्येकीवर पात्राचं आद्याक्षर आहे.

वहिनींनी शिवलेल्या मांजरपाटाच्या पिशव्यांबद्दल त्यांनाही नमस्कार सांगा. कापड आधी धुऊन, आटवून मगच बेतलं, आणि नाड्या दोन, समोरासमोरच्या तोंडांतून ओवलेल्या, म्हणून पिशवी एका ओढीत बंद होते.

तुमचे,
शनिवारच्या खेळाची मंडळी