घुमणारा हॉल आणि कर्णबधिरांची शाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला 'वारसा वास्तूला नवसंजीवनी' हा लेख वाचला. राग जरा उतरेल म्हणून सोमवारी पुन्हा वाचला, पण तो वाढलाच. जुनी दगडी इमारत कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी दुरुस्त झाली, हे उत्तमच. छताच्या तक्तपोशीचं सागवान उजळलं, फुलांच्या लाद्या पुन्हा दिसू लागल्या, आर्किटेक्टचं कौतुक झालं आणि फीत कापणाऱ्यांना दोन रकाने मिळाले. त्यानंतर ते वाक्य येतं: हॉलमध्ये नुसती टाळी वाजवली तरी कितीतरी वेळ घुमत राहते! हे तुमच्या प्रतिनिधींनी प्रशंसा म्हणून लिहिलं आहे. अहो, तोच तर त्या हॉलचा रोग आहे. गाण्याच्या बैठकीला कदाचित चालेल, पण तिथे वर्ग भरणार आहे आणि वर्गातल्या मुलांच्या कानाला यंत्रं आहेत.

श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे. चष्मा लावला की अक्षर स्पष्ट दिसतं. यंत्र मात्र बाईंच्या आवाजाबरोबर खुर्ची ओढल्याचा, पंख्याचा आणि भिंतीवरून परत आलेला आवाजही मोठा करतं. 'सात', 'हात', 'रात' हे तीन शब्द घ्या. 'आ' तिन्हींत तोच आणि दणदणीत. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा, आणि व्यंजन जात्याच अशक्त. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या शब्दाच्या स्वराची शेपटी पुढच्या शब्दाच्या व्यंजनावर येऊन बसते. मुलाला तीनदा 'आत' ऐकू येतं. मग 'लक्ष देत नाही' असा शेरा.

आता हिशेब. तुमच्याच लेखात हॉल ३० बाय २३ फूट आणि उंची १८ फूट दिली आहे. म्हणजे साधारण ३५० घनमीटर. खाली गुळगुळीत लादी, भोवती कडक गिलावा, वर पॉलिश केलेलं लाकूड. आवाज ६० डेसिबलने खाली यायला जेवढा वेळ लागतो तो घुमण्याचा काळ, आणि अशा रिकाम्या खोलीत तो ४ सेकंदांच्या आसपास येतो. आठ मुलं आणि एक बाई बसवा, फार तर सव्वातीनवर येईल. इंग्लंडच्या शाळांच्या नियमांत अशा मुलांच्या वर्गाला मर्यादा आहे ०.४ सेकंद. तिथवर पोचायला चांगल्या प्रतीचं आवाज शोषणारं अस्तर सुमारे १,५०० चौरस फूट लागेल. हॉलचं छत आहे ६९० चौरस फूट. ते दोनदा झाकलं तरी थोडं कमीच पडतं.

म्हणूनच 'थोडे पडदे लावू' या उपायाचा उपयोग नाही. पडदा वरच्या पट्टीचे आवाज खातो, खालची घूं-घूं तशीच राहते आणि व्यंजनं तिच्यातच बुडतात. पातळ फेल्ट भिंतीला थेट चिकटवण्याची तीच गत. त्याच्यामागे निदान ५० मिमी पोकळी हवी, १०० असली तर उत्तम. पीओपीची सपाट फॉल्स सीलिंग आवाज जवळजवळ शोषतच नाही. वर ती सागवानी तक्तपोशी झाकून टाकते आणि कौलांतून गळणारं पाणी डाग मोठा होईपर्यंत लपवते. आवाज शोषायला म्हणून भिंतीला चिकटवतात त्या अंड्यांच्या ट्रेबद्दल काय बोलावं? त्यांनी फक्त आगीची सोय होते.

खरा उपाय हॉलला हात न लावण्याचा आहे, आणि म्हणूनच तो कोणाला सुचत नसावा. हॉलच्या आत स्वतःच्या पायांवर उभी राहणारी पेटी बांधायची. खोलीत खोली. २० बाय १६ फूट, उंची ९. आतलं आकारमान हॉलच्या चौथाईपेक्षा कमी झालं की सगळं गणित आवाक्यात येतं. सांगाडा हलक्या स्टीलचा, प्रत्येक पायाखाली लोखंडी पत्रा आणि त्याखाली रबर, म्हणजे लादी तडकत नाही. भिंतीला दोन्ही बाजूंनी जिप्समचे दोन-दोन थर, मध्ये ७५ मिमी रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. आत छतभर ५० मिमीचे शोषक पॅनेल, शिवाय दोन भिंतींना खांद्याच्या उंचीवर. या दोन भिंती एकमेकींना लागून असलेल्या घ्यायच्या. समोरासमोरच्या दोन कडक भिंती मोकळ्या राहिल्या तर त्यांच्यामध्ये आवाज चेंडूसारखा टप्पे खात राहतो. पॅनेल पॉलिएस्टर फेल्टचे घ्या. कापडात गुंडाळलेल्या गादीला मुंबईच्या पावसाळ्यात दोन महिन्यांत बुरशी धरते, मग मुलं खोकतात आणि पॅनेलं भंगारात जातात.

पेटी आणि जुनी भिंत यांत निदान दोन फूट अंतर ठेवायचं. झाडू फिरला पाहिजे, ओल दिसली पाहिजे आणि दगडी भिंतीला वारा मिळाला पाहिजे. एसीचं यंत्र पेटीच्या बाहेर, हवा आतून अस्तर लावलेल्या डक्टने आत. वर्ग रिकामा असताना यंत्राचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, कारण बाईंचा आवाज मागच्या गोंगाटाच्या निदान १५ डेसिबल वर राहिला पाहिजे आणि बाईंनी दिवसभर ओरडायचं नाही. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं घाला. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि नेमका तोच राहून जातो. बाकं नालाच्या आकारात मांडा, बाईंच्या तोंडावर उजेड पडू द्या. तुमच्या फोटोत फळा दोन कमानदार खिडक्यांच्या मधोमध आहे. फोटो सुरेख, पण त्या उजेडापुढे उभ्या बाईंचे ओठ काळे दिसणार. मुलांनी ओठ वाचायचे कसे?

पेटीला दोन दारं आणि दारांना काच, म्हणजे आगीच्या इशाऱ्याचा लुकलुकता दिवा आतून दिसतो. घंटा कर्णबधिरांच्या शाळेत कोणासाठी वाजवणार?

'हेरिटेज कमिटी परवानगी देत नाही' हे पालुपद लेखात तीनदा आलं आहे. मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ पासून आहे. तिच्यात श्रेणी १, म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या वास्तू, सोडल्या तर आतल्या बदलांना दार बंद नाही. श्रेणी २-अ मध्येसुद्धा आतले बदल आणि नवा वापर कडक छाननीनंतर सर्वसाधारणपणे चालतो. वास्तुजतनाचं साधं तत्त्व असं की उद्या काढायचं ठरलं तर जुन्या वास्तूला ओरखडा न उठता काढता आलं पाहिजे. पेटीचे बोल्ट सोडले की हॉल जसाच्या तसा. भिंतीला खिळा नाही, तुळईला भोक नाही. नकाशे नेलेच नाहीत तर परवानगी मिळणार कशी?

रॅम्पबद्दल फक्त दोन वाक्यं. जोतं तीन फूट उंच असेल तर १:१२ उताराला ३६ फूट लांबी लागते, शिवाय मध्ये एक सपाट टप्पा. फोटोतला रॅम्प १४ फुटांहून लांब दिसत नाही आणि तोही मागच्या दाराला, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरचं मूल घसरगुंडीवरून वर्गात येणार असं दिसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत २०१७ च्या नियमांपासून मोजली तरी २०२२ मध्ये संपली. लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्या फोटोत कामगार जुन्या दारावर घासण्याचं मशीन फिरवतोय, तोंडाला साधा रुमालही नाही. मथळा 'जुन्या वैभवाची झळाळी'. जुन्या तेलरंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावं, हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांना १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीचे थर दारावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले. कोरडं घासलं की ती धूळ लाद्यांच्या सांध्यांत आणि खिडक्यांच्या झडपांत जाऊन बसते, आणि लहान मुलं बोटं तोंडात घालतात. रंग आधी तपासून घ्यायचा, ओला करून खरवडायचा, कचरा पिशवीत बंद करायचा आणि जमीन झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसायची. त्याच धुळीत दुसऱ्या दिवशी तुमचे छायाचित्रकार चिमुकल्यांना बसवून फोटो काढतात!

हिंदुस्थानातली कर्णबधिरांची पहिली शाळा १८८० च्या दशकात याच शहरात निघाली. तेव्हा कानाला यंत्रं नव्हती, म्हणून हॉल घुमला काय आणि न घुमला काय. आज आहेत, आणि महाग आहेत. शाळेने हजारो रुपयांची यंत्रं मुलांच्या कानाला लावायची आणि लाखो रुपये खर्चून ती निकामी करणारी खोली तयार करायची, याला नवसंजीवनी म्हणतात हे माहीत नव्हतं.

आणि एक. लेखात चार ठिकाणी 'मुकी मुलं' असं छापलं आहे. ती मुकी नाहीत. बाईंचं बोलणं त्यांच्यापर्यंत स्पष्ट पोचलं तर त्यांतली बरीच बोलायलाही लागतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार, दादर

ता.क. मागे रॅम्पविषयीच्या माझ्या पत्रात १:१२ हे प्रमाण तुम्ही ११२ असं छापलं होतं आणि उरलेलं पत्र 'जागेअभावी संक्षिप्त' केलं होतं. या वेळी कापाकापी करायची तर खुशाल करा, फक्त ०.४ सांभाळा. त्यातलं दशांशचिन्ह गळालं तर ४ उरतील, आणि तुमच्या लेखातला हॉल अगदी नियमात बसेल.