दर सांगताना खाली न बघायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. भोसरी-चाकणकडे ज्यांनी तुमच्याशी व्यवहार केलाय ते ओळखतीलच. आभार घरी येऊनही मानता आले असते. पण कारखान्यांच्या सल्लागारीत नव्याने येणाऱ्या मुलींच्या हाती तुमची शिकवण पडावी, म्हणून हे पत्र जाहीर.

या धंद्यात मुलींची वाट कुठे अडते, हे तुम्ही अचूक हेरलं होतंत. आकडे गोळा करणं, एक्सेल साफ करणं, प्रेझेंटेशन नीटनेटकं करणं ही कामं त्यांच्याकडे आपसूक येतात. त्या ती चोख करतात, म्हणून पुन्हा त्यांच्याकडेच येतात. पैशाचं बोलणं मात्र दुसराच कोणी करतो, आणि बढतीच्या वेळी प्रश्न येतो, “काम किती आणलंत?” तुम्ही नव्या मुलीलाही कोटेशनचं गणित करायला लावलंत आणि ग्राहकासमोर आकडा तिच्याच तोंडून वदवलात. कारखान्याच्या कॉस्टिंग (उत्पादनखर्च काढणाऱ्या) विभागातून वर आलेल्या बाईंकडून हेच अपेक्षित होतं म्हणा.

ते गणित इथे मांडतोच. समजा, एका सल्लागाराचा वर्षाचा पगार, प्रवास, ऑफिस आणि नफा मिळून २४ लाख निघायला हवेत. कामाचे दिवस २४०. बहुतेक जण २४ लाखांना २४० ने भागतात आणि १०,००० रुपये रोज असा दर लावतात. इथेच खड्डा. प्रस्ताव लिहिणं, भेटीगाठी, शिकणं, वसुलीचे फोन यांचे पैसे कोणी देत नाही. विकले जाणारे दिवस ६० टक्के धरले तर १४४ उरतात आणि दर येतो जवळजवळ १६,७००. हा आकडा माहीत असलेली मुलगी “मॅडम, जरा जास्त वाटतंय” ऐकून डगमगत नाही. समोरच्याने मागायच्या आधीच सूट देऊन टाकायची सवय तुम्ही अशी मोडलीत. तुमचा नियम साधा होता: आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. भाव कमी हवा असेल तर काम कमी करायचं. तीन विभागांऐवजी दोन घ्या, अहवालाऐवजी नुसती कृतियादी घ्या, पण त्याच कामाचा दर पाडायचा नाही. एकदा पाडलेला दर पुढच्या प्रत्येक कामाला चिकटतो.

प्रस्तावात ‘यात काय येत नाही’ हा परिच्छेद सर्वांत आधी लिहायला लावायचात. सॉफ्टवेअर बसवणं नाही, माणसं भरणं नाही, बँकेची कर्जफाईल नाही. हे लिहिलेलं नसलं की महिन्याभराने व्हॉट्सअ‍ॅपवर “मॅडम, एवढं बघून द्या ना” सुरू होतं. त्यासाठी तुमचा एक पानी फॉर्म: काय वाढलं, का वाढलं, किती दिवस, किती रुपये, खाली मालकांची सही. सही नाही तर काम नाही. कोणी रागावल्याचं फारसं दिसत नाही, कारण फॉर्म हसत पुढे करायचा असतो, हेही तुमचंच.

आता शॉप फ्लोअर, म्हणजे प्रत्यक्ष मशिनं चालतात ती जागा. पहिल्या भेटीत केबिनमध्ये चहा घेत “अडचण काय आहे?” विचारलं की मालक “लेबर” म्हणतात, सुपरवायझर “मेन्टेनन्स” म्हणतात. तुम्ही आधी लाल बिनपाशी, म्हणजे नापास मालाच्या डब्यापाशी, उभं करायचात. रिजेक्शनचा माल हातात घ्यायचा, कुठल्या मशिनवरून आला, कुठल्या पाळीत आला, टॅग लावलाय का, ते बघायचं. मग सेटअप. प्रेसवर डाय (साचा) बदलायला किती वेळ लागतो असं विचारलं तर “वीस मिनिटं” असं उत्तर मिळतं. ती वीस मिनिटं डाय चढवण्याची. खरा वेळ मोजायचा तो आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला नग पडल्यापासून नव्या जॉबचा पहिला चांगला नग मंजूर होईपर्यंत. त्यात क्रेनची वाट, बोल्ट शोधणं आणि मुख्य म्हणजे पहिला नग घेऊन क्वालिटीच्या माणसासाठी ताटकळणं येतं. मशीन उभं असतं, पण या वेळेची नोंद कोणाच्याच रजिस्टरमध्ये नसते. ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकता, काढतानाही तेच. उपलब्धता ८५ टक्के, वेग ८० टक्के, गुणवत्ता ९८ टक्के हे तिन्ही आकडे सुटेसुटे बरे दिसतात. गुणाकार केला की ६७ टक्क्यांच्या आत. मालकांना तो गुणाकार कागदावर त्यांच्याच पेनाने करायला लावायचात. त्यानंतर पटवावं लागत नाही.

आणि बूट! गेटवर पाहुण्यांसाठी ठेवलेले सेफ्टी शूज आठ-नऊ नंबरचे असतात. त्यात चार नंबरचा पाय घालून तेलकट फरशीवर चालणं म्हणजे पडण्याची तयारी. स्वतःच्या मापाचा जोड पिशवीत ठेवा, ओढणी गाडीत, केस बांधलेले, हे तुम्ही ऑफर लेटरबरोबरच सांगायचात. ज्यांनी कधी फ्लोअर पाहिला नाही त्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते.

मीटिंगचं टिपण लिहायचं काम मुलीकडेच का, यावर चिडायचं की नाही? तुमचं मत आम्हाला आवडलं. टिपण आळीपाळीने लिहायचं, पण ज्याची पाळी त्याने ते त्याच दिवशी पाठवायचं, कारण निर्णय काय झाला ते शेवटी त्या कागदावरून ठरतं. तीन रकाने: ठरलं काय, करणार कोण, कधीपर्यंत. ‘कोण’च्या खाली ‘प्रॉडक्शन टीम’ लिहिलं की काम होत नाही. माणसाचं नाव हवं, आणि तो माणूस मीटिंगला हजर असलेला हवा.

वसुलीचं तर स्वतंत्र पुस्तक होईल. चार लाखांचं बिल, वर १८ टक्के जीएसटी ७२,०००, एकूण ४,७२,०००. ग्राहक मूळ रकमेवर १० टक्के टीडीएस कापतो, म्हणजे ४०,०००. खात्यात ४,३२,००० येतात, त्यातले ७२,००० सरकारचे. हाती ३,६०,०००. टॅक्स इन्व्हॉइस काढलं की पैसे येवोत न येवोत, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला तो जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. म्हणून आगाऊ रक्कम प्रोफॉर्मावर (पक्क्या बिलाआधीच्या कच्च्या बिलावर) मागायची. ३० टक्के सुरुवातीला, ४० निष्कर्ष मांडल्यावर, ३० शेवटी. ‘अंमलबजावणी पूर्ण झाल्यावर’ असा टप्पा कधीच नाही, कारण अंमलबजावणी ग्राहकाच्या हातात असते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रस्तावावरच छापायची. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून तर मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खर्च म्हणून वजावटीला मिळत नाही. अकाउंट्सच्या साहेबांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात ही आठवण सौम्य भाषेत करून दिली की फाईल हलते.

एक गोष्ट तुम्ही दार लावून सांगायचात. ती आता उघड सांगतो. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामानिमित्त गेलेली जागाही कामाचं ठिकाणच धरली जाते. ग्राहकाच्या कारखान्यात त्रास झाला तर ‘क्लायंट तुटेल’ म्हणून गप्प बसायचं नाही. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी, आणि ग्राहकाच्या अंतर्गत समितीकडेही करता येते. असा क्लायंट तुटला तर तुटू दे, हे वाक्य वरिष्ठांनी आधीच म्हणून ठेवावं लागतं. तुम्ही ते म्हणून ठेवलं होतंत.

वेळापत्रकाचं थोडक्यात. भोसरीत गुरुवार बंद, हिंजवडीत शनिवार-रविवार. पालखीच्या दिवसांत दिघी-आळंदी आणि निगडी-पिंपरीकडच्या भेटी नकोत. गणपती ते दिवाळी अहवाल चालतील, मोजणी नाही. माणसं गावी गेल्यावर घेतलेले आकडे त्या कारखान्याचे नसतात.

या सगळ्यामुळे मुली प्रस्तावाच्या पहिल्या पानावर आल्या, ताई. नाव तिचं, नंबर तिचा, सही तिची. ग्राहक आता फोन तिलाच करतो. याबद्दल मनापासून आभार.

एक विनंती आहे. नव्या मुलींसाठी दराच्या बोलणीची तालीम ठेवतोय. खरेदी विभागाच्या साहेबांची भूमिका तुम्हीच करा. आमच्यात कोणाला तेवढं खडूस बोलता येत नाही.

तुमच्या,
पुण्यातल्या सल्लागार मैत्रिणी