डॉक्टर मॅडम, त्या टेपबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. सेलूची टेलरबाई म्हटलं की तुमच्या लक्षात येईल. पत्र चारचौघांत लिहितेय, कारण डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत हे घरात सांगायलाच मला वर्ष लागलं.

ब्लाऊज शिवताना बाजूच्या शिवणीत मी इंचभर माया ठेवते. माझ्या स्वतःच्या ब्लाऊजची माया सात महिन्यांत दोनदा उसवून संपली होती. वजन ५४ वरून ६३ वर गेलं. रात्री दहाला जेवून उठले की अकराला पुन्हा गूळ-शेंगदाणे. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "गोळ्या मानवल्या बाई, अंग धरलंय." आधीचे डॉक्टरही हसून तेच म्हणाले. मग मीच गोळी बंद करायचं ठरवलं.

परभणीला तुमच्याकडे आले ते हे सांगायलाच. तुम्ही रागावला नाहीत. ड्रॉवरमधून टेप काढून माझ्या कमरेला लावलीत. ८८ सेंटीमीटर, मी मनात लगेच साडेचौतीस इंच केले. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, माझं कुणी कधी घेतलं नव्हतं. बायकांची कंबर ८० च्या आत हवी, म्हणालात.

माझी डिप्रेशनची गोळी, मिर्टाझापिन, झोप आणते ती हिस्टामिन या मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनाला अडवून, आणि त्यानेच भूकही खवळते, हे तेव्हा कळलं. म्हणजे खादाडपणा माझा नव्हता! सगळ्याच गोळ्या तशा नसतात, हेही सांगितलंत. शुगर आणि चरबीच्या तपासण्यांसोबत सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणीही लिहून दिलीत. ती ५.८ आली. आधी विचारलंत, दाढ दुखतेय का, ताप येऊन गेला का, कारण त्यानेही ती वाढते. पंधरा दिवसांनी पुन्हा करायला लावलीत, तरी तेवढीच. डिप्रेशनच्या साधारण चौघांतल्या एकाची ३ च्या वर असते म्हणे. उपचाराने मन सावरतं तशी काहींच्या रक्तातली सूजही उतरते, पण पोटावर चरबी साठली की ती चरबीच सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते. एका हाताने शिवायचं आणि दुसऱ्याने उसवायचं, असा तो प्रकार.

गोळी एकदम तोडली असती तर चक्कर-मळमळ आली असती, आजारही उलटला असता. तुम्ही ती हळूहळू उतरवलीत, दुसरीकडे सर्ट्रालिन ही डिप्रेशनचीच दुसरी गोळी चढवलीत. भाकरी सोडा म्हणाला नाहीत, त्याचे वेगळे आभार. चहातली साखर मात्र मोजायला लावलीत. पहाटे स्टेशनपर्यंत चालत जाते. कुत्री भुंकतात, पण जाते.

आता वजन ५८, सीआरपी ३.१. झोप अजून तुटकी आहे, ते पुढच्या वेळी बोलू.

तुमची टेप फार विरलीय, ८० च्या पुढचे आकडे पुसट झालेत. सोमवारी येताना माझ्याकडची नवी आणते.

तुमची,
सेलूची टेलरबाई