आई-बाबा, नवरात्र झालं की मी निघतेय

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर विषय काढला की आईचा आवाज बदलतो आणि बाबा, तुम्ही "हो हो, बघू" म्हणून फोन तिच्या हातात देता. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, टीव्ही बंद करून.

टीव्हीवरच्या एका फिल्म-स्पर्धेसाठी माझी निवड झाली आहे. पक्की. करारावर सही केली, महाप्याच्या ऑफिसात राजीनामाही दिला. वाहिनीचं नाव इतक्यात कुणाला सांगायचं नाही अशी अट आहे, तेव्हा आई, जोशीकाकूंनाही नाही. नवरात्र झालं की निघायचं आणि होळीच्या आत परत. आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी हसत "जा" म्हटलं असतं आणि सहीच्या दिवसापर्यंत झोपला नसता. ते मला नको होतं.

काम असं आहे: एकटीने फिरायचं आणि दर आठवड्याला जिथे असू तिथली एक छोटी फिल्म करून पाठवायची. विषय शोधणं, शूटिंग, एडिटिंग सगळं आपलं आपण. परीक्षक टीव्हीवर गुण देतात. बाबा, हे काल कुणाच्या डोक्यात आलेलं खूळ नाही. 1976 मध्ये फ्रेंच भाषेतल्या वाहिन्यांनी मिळून अशीच स्पर्धा सुरू केली होती. त्या पोरांकडे सुपर एट कॅमेरा असायचा. त्याच्या एका रिळात 50 फूट फिल्म, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. रीळ विमानाने पाठवून द्यायचं आणि आपण काय टिपलं ते स्वतःला दिसायचंही नाही. पुढे कॅनडात, क्युबेकमध्ये, 1988 ते 1999 ही परंपरा चालली. 1990-91 ची स्पर्धा जिंकलेला डेनी विलनव्ह नावाचा तरुण आज जगातल्या मोठ्या दिग्दर्शकांत गणला जातो. मी तिथवर पोचेन असं म्हणत नाही. पण विम्याचे ट्रेनिंग व्हिडिओ कापत आणखी चार वर्षं बसले असते तर माझी नजर मेली असती, हे मला आतून कळत होतं. पगार चांगला होता, मान्य. नंदूकाकांचं जे झालं ते तुमच्या मनात येणार, तेही मला माहीत आहे. हे तसं नाही. मी घर गहाण टाकत नाहीये, कुणाकडून उसनं घेत नाहीये. प्रवास, राहणं, विमा सगळं वाहिनीकडे. माझी एफडी तशीच आहे.

मुलाखतीत विचारलं, शिक्षण कुठे झालं. मी आपल्या ठाण्याच्या तलावपाळीचं नाव घेतलं. खरंच, बाबा. दर रविवारी तिथे फिरवून आणलंत की गडकरी रंगायतनच्या कोपऱ्यावर तुम्ही विचारायचात, "आज काय पाहिलंस?" "मजा आली" हे उत्तर चालायचं नाही. एकदा मी सांगितलं की फुगेवाल्याच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. तुम्हाला कारण माहीत नव्हतं, म्हणून पुढच्या रविवारी आपण त्यालाच जाऊन विचारलं. दिवसभर दोरे ओढून कापतं, म्हणाला. तुम्ही त्याला घरून बोरोलीन नेऊन दिलंत. मी फिल्म करते म्हणजे तेच करते.

आई, पहिली फिल्म तुझ्यासाठी आहे. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा तो पडका मनोरा आठवतो ना, जिथे तू उन्हात बसून राहिलीस आणि आम्ही भोवती फिरून आलो? तिथे जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष सापडले. 2021 मध्ये भारताने त्यातला काही भाग जॉर्जियाला दिला. तिथले लोक तिला संत मानतात. मी जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला जाऊन तिथल्या बायकांना तिच्याबद्दल विचारणार आहे. नंतर केनिया. तिथे चपाती घरोघर करतात, त्यामुळे उपाशी राहण्याचा प्रश्न नाही. नैरोबीचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे आहे. तू रात्री साडेनऊला जेवण आवरशील तेव्हा तिथे सात वाजलेले असतील, तेव्हाच फोन करत जाईन. पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, ती मी आधीच घेतली. एकदा घेतली की जन्मभर चालते. अंगात कणकण होती, दुसऱ्या दिवशी गेली. सांगितलं नाही, कारण तू माझ्याकडे घणसोलीला धावत आली असतीस, आणि तुझ्या गुडघ्याने ठाणे स्टेशनचा जिना मला नको आहे.

आता माझं ऐका. बाबांच्या स्टेंटला वर्ष होतंय, तेव्हा तपासणीची वेळ मी घेऊन ठेवलीय, मंदार गाडी घेऊन येईल. "मला काही होत नाही" हे वाक्य त्या दिवशी चालणार नाही. रक्त पातळ करायची गोळी दाताच्या डॉक्टरनेसुद्धा बंद करायला सांगितली तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आई, माळ्यावरचे डबे शनिवारी मंदारकडून काढून घे, स्टुलावर चढायचं नाही. चतुर्थी धर, पण गोळ्या घेऊन आणि फराळ करून. जांभळी नाक्याला सकाळी लवकर जा, आणि पिशवी बाबांनीच उचलायची असा हट्ट दोघांनीही करू नका, रिक्षा करा. पैशांचा विचार करू नका, मी केलाय. फोनवर कुणीही बँकेतून बोलतोय म्हणालं, तर ठेवून द्या.

माझी काळजी करू नका असं मी लिहिणार नाही, तुम्ही ती करणारच. फक्त एकमेकांपासून लपवून करू नका. मागच्या वेळी बाबा गॅलरीत आणि तू देवघरात, असं झालं होतं.

रविवारी येते, दुपारच्या जेवणाला.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, जुन्या फोनमधले फोटो तुम्ही पुसायला काढलेत असं आई म्हणाली. हात लावू नका. मी आले की हार्ड डिस्कवर घेते.