हजाराच्या आकड्यातले तीनशे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समुद्री जीवांपासून मिळणाऱ्या आरोग्यदायी द्रव्यांवरचा लेख वाचला. विषय चांगला आहे. मात्र सोबतच्या चौकटीत माशाच्या तेलाच्या एका साध्या कॅप्सूलमधून '१००० मिलिग्रॅम ओमेगा-३' मिळते असे छापले आहे, ते बरोबर नाही.

मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. मागच्या महिन्यात आमच्या वहिनींना एका दुकानदाराने हेच सांगून बाटली दिली. ती उलटी फिरवून मागची बारीक अक्षरे भिंगातून वाचली, तेव्हा हिशेब असा निघाला: माशाचे तेल १००० मिलिग्रॅम, त्यात ईपीए १८० आणि डीएचए १२०. ओमेगा-३ म्हणतात ती हीच मेदाम्ले (चरबीचे घटक); ज्या या दोहोंसाठी आपण पैसे मोजतो ती मिळून ३००, आणि उरलेले ७०० म्हणजे इतर मेद. साध्या कॅप्सूलींमध्ये हे प्रमाण सर्रास आढळते. त्यात बेकायदेशीर काही नाही. पुढच्या बाजूचा मोठा आकडा तेलाचा असतो आणि वाचणारा तो ओमेगा-३ चा समजतो, एवढेच.

हा फरक किरकोळ वाटेल, पण लेखात ज्या हृदयविकाराच्या चाचण्यांचा दाखला दिला आहे तिथे तो महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील २५,८७१ जणांवरच्या 'व्हायटल' चाचणीत रोज दिलेल्या एका ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून ८४० मिलिग्रॅम होते, म्हणजे वहिनींच्या बाटलीतल्या जवळजवळ तीन कॅप्सूलींइतके. आणि तरीही २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. जे मुळात मासे कमी खात होते त्यांच्यात मात्र काहीसा फायदा दिसला. त्याच वर्षीच्या 'रिड्यूस-इट' चाचणीत धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला, पण तिथे रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) वाढलेल्या रुग्णांना शुद्ध ईपीएचे औषध रोज ४ ग्रॅम दिले होते, आणि तुलनेच्या गटाला दिलेल्या खनिज तेलावरून तज्ज्ञांत अजून वाद आहे. शिवाय अशा मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आणि दुकानातून सहज उचललेली बाटली यांना लेखाने एकाच ओळीत बसवायला नको होते.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली. मासा ही मेदाम्ले स्वतः फारशी तयार करत नाही. ती मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांत तयार होतात, शैवाल खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत जातात आणि तिथून तारली-बांगड्याच्या अंगात साठतात. त्यामुळे शाकाहारी वाचकांना शैवालापासून काढलेले डीएचए घेता येते. जवसातले ओमेगा-३ वेगळ्या जातीचे आहे आणि आपल्या शरीरात त्याचे डीएचएमध्ये रूपांतर फारच थोडे होते. जवसाची चटणी अवश्य खावी, पण ती बांगड्याच्या जागी धरू नये.

आता तारलीविषयी, कारण कोकणातल्या वाचकाला खरे तर इथूनच सुरुवात करून द्यायला हवी होती. तारलीतल्या चरबीचे प्रमाण ऋतूनुसार कित्येक पटींनी बदलते. पावसाळ्यानंतरची पोसलेली तारली थोड्या पाण्यात, तिरफळे आणि कोकम घालून शिजवली की वर जो पिवळसर तवंग येतो, त्यातच ही मेदाम्ले असतात. अशा तारलीच्या शंभर ग्रॅम मांसातून तीन-चार साध्या कॅप्सूलींइतके ओमेगा-३ सहज मिळू शकते, आणि प्रथिने, ब-१२ व ड जीवनसत्त्वही सोबत येतात. लहान मासा असल्यामुळे सुरमई-मुशीच्या मानाने पाराही कमी. पण आमच्याकडे पाहुणा आला की सुरमई आणि घरच्यांना तारली, अशी तिची पत. आणि जाळ्यात आलेल्या तारलीचा मोठा हिस्सा फिशमीलच्या कारखान्यात जातो, तिथे शिजवून व दाबून तिचे तेल वेगळे काढतात आणि चोथा कोळंबीच्या नाहीतर कोंबड्यांच्या खाद्यात जातो. तळताना मात्र तारलीतली थोडी चरबी कढईत उतरते आणि कढईतले तेल तिच्यात शिरते, म्हणून वर सांगितल्यासारखे पाण्यात शिजवलेले तिखले बरे.

ही मेदाम्ले नाजूकही असतात. ईपीएच्या रेणूत पाच आणि डीएचएच्या रेणूत सहा दुहेरी बंध असल्याने हवा, ऊन आणि उष्णतेने तेल लवकर खवट होते. वहिनींची बाटली खिडकीत उन्हात ठेवलेली होती. मी एक कॅप्सूल टाचणीने टोचली, तर जुन्या सुकटीचा डबा उघडल्यासारखा वास आला.

तेव्हा पुढील रविवारी त्या चौकटीतला आकडा दुरुस्त करून छापावा आणि बाटलीच्या मागच्या बाजूवरील ईपीए व डीएचए यांची बेरीज कशी पाहायची, हेही दोन ओळींत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी