लॅबमधल्या ताई, शौचाच्या तपासणीची तिसरी डबी आणायला लावलीत त्याबद्दल

ताई नमस्कार, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर सगळ्यांना कळेलच कोण ते.

गेल्या गणेशचवथीनंतर माझ्या बाबूचं पोट बिघडलं ते बसेचना. सहा वर्षांचं पोर, दिवसातून चारदा पातळ, तेलकट आणि वास असा की खोलीत थांबवेना, पोट फुगलेलं आणि हातपाय नुसत्या काड्या. आधी जिथे दाखवलं तिथे गॅसचं औषध दिलं, मग जंताची एक गोळी, आणि मी मेली ताकद यावी म्हणून दोन दोन ग्लास दूध पाजत होते त्याला, त्याने आणखीच बिघडत होतं हे नंतर कळलं.

तुमच्याकडे शौचाची पहिली तपासणी निल, म्हणजे काहीच सापडलं नाही, दुसरीपण निल. सकाळची बस धरून ती डबी पिशवीत कपड्याखाली लपवून आणायची, मला लाज वाटायची हो. तिसऱ्यांदा येणारच नव्हते. तुम्ही काम टाकून बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसलात आणि म्हणालात, वहिनी, पोटातला जंतू रोज दिसत नाही, एक दिवस पडतो आणि चार दिवस लपतो, अजून एकदा आणा, ताजी आणा.

तिसऱ्या डबीत जिआर्डिया सापडला, आतड्यात राहणारा बारीक परजीवी जंतू. मायक्रोस्कोपमधून मलाही बघायला दिलंत. थेंबासारखा आकार, त्यात दोन डोळे, आणि झाडावरून गळणारं पान कसं हेलकावे खातं तसा हलत होता. माझ्या पोराच्या पोटातला. अंगावर काटा आला.

औषध डॉक्टरांनी दिलं, दूध काही दिवस बंद ठेवलं, आज बाबू हुमण-शीत मागून मागून खातो. पण त्याहून जास्त आभार त्या रविवारचे. सुट्टीच्या दिवशी तुम्ही आमच्या देवळाच्या मंडपात आलात. आमचे आजोबा म्हणाले, जन्मभर ह्याच बांयचं (विहिरीचं) पाणी प्यालो, आम्हाला काय झालं? तुम्ही वाद नाही घातलात, चला म्हणालात आणि सगळ्यांना घेऊन बांयवर गेलात. वरच्या अंगाला सोकपिट (संडासाचं पाणी मुरायचा खड्डा), एका बाजूने फुटलेला कठडा आणि पावसाचं पाणी थेट आत गेल्याची मातीची रेघ, हे रोज बघूनही आमच्या लक्षात आलं नव्हतं.

आम्ही बायका म्हटलं, आम्ही तर फडक्याने गाळून घेतो. तर तुम्ही सांगितलंत, गाळून पिण्याने नारू, म्हणजे पाण्यातून होणारा जंताचा रोग, गेला, 2000 साली आपला देश नारूमुक्त ठरला, पण हा जिआर्डिया त्याहून कितीतरी बारीक, फडक्यातून आरामात जातो, थंड पाण्यात कित्येक आठवडे जगतो, ब्लीचिंगला सहज मरत नाही, सॅनिटायझरला तर नाहीच आणि असे 10 पोटात गेले तरी पोर आजारी पडू शकतं. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी खळखळून एक मिनिट उकळा, हात साबणानेच धुवा, आणि जुलाब होणाऱ्या पोराला व्हाळात (ओढ्यात) आंघोळीला सोडू नका.

त्याच आठवड्यात वाड्यावरची आणखी दोन पोरं तपासायला आली, डब्या न लपवता. आता कठडा बांधून झालाय, सोकपिट हलवायचं बोलणं चालू आहे, आजोबा अजून कुरकुरतात पण उकळलेलंच पितात.

यंदा चवथीला घरी या, नेवऱ्या काढून ठेवते.

बाबूची आई